बागेसाठी घेतलेली हरकत

आमच्या गावात बागेचा विषय निघाला की प्रत्येकजण शाहू महाराजांपासून सुरुवात करतो. महाराज शिकारीला निघाले होते, इथे झाडाखाली टेकले आणि जागा रयतेला देऊन टाकली, असं मी लहानपणापासून ऐकत आलेय. सांगणारा बदलला की झाडही बदलतं; कधी वड, कधी चिंच. गाव जुन्या करवीर संस्थानातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण पुढे ज्या कचेऱ्यांबद्दल लिहिणार आहे तिथे मला उद्याही जायचंय. तहसीलच्या समोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे.

नव्या विकास आराखड्याचा, म्हणजे गावातल्या कुठल्या जमिनीवर पुढे काय व्हायचं ते ठरवणाऱ्या नकाशाचा, मसुदा प्रसिद्ध झाल्याची नोटीस पेपरात आली होती म्हणे. मी काही वाचली नव्हती. एक प्लॉटचा एजंट नकाशाचा तुकडा मोठा करून घ्यायला दुकानात आला. त्याला त्याच्या गिऱ्हाइकाचं शेत पिवळ्यात आलंय का, एवढंच बघायचं होतं. पिवळा म्हणजे रहिवास. मी कागद काचेवर सरळ करत होते तर एसटी स्टँडच्या अलीकडे बागेचा हिरवा चौकोन दिसला, आणि त्याच्या रस्त्याकडच्या बाजूला निळा पट्टा. निळा म्हणजे वाणिज्य. पट्ट्यावर आरक्षणाचा, म्हणजे ती जागा कशासाठी राखलीय त्याचा, नंबर होता. तक्त्यात बघितलं तर समोर ‘व्यापारी संकुल व वाहनतळ’.

नगरपरिषदेत वरच्या मजल्यावर नकाशे भिंतीला लावले होते. तिथल्या साहेबांना मी विचारलं, बागेची जागा घेताय का? ते म्हणाले, “ताई, घेतोय कुठं? जागा आपलीच हाय की. बाग मागं ऱ्हाणारच. फुडं नुसती मोकळी जागा पडून हाय.” वर समजूत घालायला, नव्या ले-आउटांमध्ये दहा टक्के ओपन स्पेस सुटतेच, तिथे बागा होतील. आमच्याकडच्या ओपन स्पेस मी बघितल्यात. एकीत वाळूचा ढीग असतो, दुसरीत कुणाचा तरी ट्रॅक्टर. आणि बाजाराला आलेली बाई डबा खायला कुठल्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये जाणार आहे?

पण ‘मोकळी जागा’ हे त्यांनी मनाने म्हटलेलं नव्हतं, ते नंतर कळलं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आराखडा करण्याआधी गावाची पाहणी करून विद्यमान जमीन वापराचा नकाशा करायचा असतो. कलम २५. म्हणजे आज कुठे घर आहे, कुठे दुकान, कुठे शेत. पुढचा सगळा डोलारा त्या नकाशावर उभा राहतो. तो नकाशा शेजारच्याच भिंतीवर होता आणि त्याच्यासमोर कुणीही उभं नव्हतं, कारण लोकांना उद्या आपलं काय होणार ते बघायचं असतं. आज काय आहे ते त्यांना माहीत असतं. मी बघितला. मागची झाडं, कारंजं, घसरगुंडी एवढ्यालाच ‘बाग’ म्हटलं होतं. पुढचं पटांगण ‘रिकामी जागा’.

हे पटांगण म्हणजे काय ते सांगते. लोखंडी फाटकातून आत आलं की उघडी लाल जमीन. मधे सिमेंटचा चौथरा, त्यावर पूर्वी रेडिओ होता त्या खोलीचे चार खांब. डाव्या हाताला कट्टा, त्याच्या फरश्या निखळलेल्या. बाजारादिवशी सकाळी खेड्यांवरनं येणाऱ्या बायका एसटीतून उतरून आधी इथे येतात. पाट्या उतरवायच्या, मेथी-कोथिंबीर नळाच्या पाण्याने भिजवून पेंढ्या नीट लावायच्या, मग बाजारात जायचं. दुपारी उरलेल्या मालासकट परत इथेच, भाकरी सोडायला. त्या उठल्या की शाळा सुटलेली पोरं स्टंप ठोकतात. संध्याकाळी लेझीम. मोहरमला पंजे भेटीला येतात ते चौथऱ्याजवळ, आणि पंजे धरणाऱ्यांत निम्मे हिंदू असतात. रात्री आठनंतर एमपीएससीची पोरं. पटांगणातल्या एकाच दिव्याखाली बरा उजेड पडतो. तिथे सिमेंटच्या कुंडीवर फळी टाकून एकाने टेबल केलंय. फळी दिवसा कुंडीमागे लपवलेली असते. ती कुणी उचलून नेत नाही, आमच्या गावात हे विशेषच.

आणि या सगळ्यामुळेच तिथे गवताची काडी नाही. पाहणीवाले बहुतेक दुपारी येऊन गेले असावेत.

कलम २६ प्रमाणे हरकतीला तीस दिवस मिळतात, त्यातले बरेचसे उलटून गेले होते. गावात बैठक झाली. बैठकीत महाराजांवर तीन भाषणं झाली आणि एकाच निवेदनावर सगळ्या गावाच्या सह्या घ्यायचं ठरलं. आमच्या गल्लीतली एक मुलगी नुकतीच कोर्टात जायला लागलीय. ती म्हणाली, काकी, अर्ज एक असला की हरकत क्रमांक एक पडतो, सुनावणीला वेळ एकाचाच मिळतो. सह्या असू देत, पण ज्याचा जो वापर आहे त्याने तो स्वतःच्या अर्जात लिहावा. शिवाय ‘बाग आमच्या भावनेचा विषय आहे’ असं कुणी लिहायचं नाही. पाहणी नकाशा चुकलाय, एवढंच लिहायचं आणि पुरावा जोडायचा.

तिच्याकडूनच बेंगळुरूचा निकाल कळला. तिथल्या राजमहल विलास विस्तारात बागेसाठी राखलेली जागा सरकारने एका ट्रस्टला दवाखान्यासाठी दिली, आसपासचे रहिवासी कोर्टात गेले, आणि १९९१ साली सुप्रीम कोर्टाने वाटप रद्दच ठरवलं. बाग ही लोकांच्या सोयीची जागा, ती अशी वळवता येत नाही आणि तिथल्या रहिवाशांना याबद्दल दाद मागायचा अधिकार आहे, असा त्याचा अर्थ. “जागा आपलीच हाय की” याला हे उत्तर होतं. जागा नगरपरिषदेची असली म्हणून तिचं काहीही करता येत नाही.

मग पुराव्याच्या मागे लागलो. सिटी सर्व्हेचा उतारा काढायला मला वेळ लागला नाही, रोजचंच काम. मालमत्ता पत्रकावर हक्काच्या मूळ धारकाच्या रकान्यात म्युनिसिपालिटी. सुविधाधिकार: कोरं. पट्टेदार: कोरं. इतर भार: कोरं. इतर शेरे: कोरं. सबंध कागदावर ‘बाग’ हा शब्द नाही. मालकीचा वाद नव्हताच. वापर कुठे लिहिलेला नव्हता, अडचण ती होती. लोकांना वाटतं उतारा हातात आला म्हणजे सगळं आलं. मी दिवसभर उताऱ्यांच्या झेरॉक्स काढते, म्हणून सांगते, उतारा जेवढा बोलतो त्याहून जास्त गप्प बसतो.

माहितीच्या अधिकारात बागेसंबंधीचे जुने ठराव मागितले. अर्जाला दहाचं कोर्ट फी तिकीट, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, विषय एकच. महाराष्ट्राचे नियम तसेच आहेत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ते हरकतीच्या मुदतीत येणार नव्हतं, पण सुनावणीपर्यंत येईल असा हिशेब केला. आलं ते असं: २०१९ च्या महापुरात अभिलेख भिजल्यामुळे माहिती उपलब्ध नाही. पूर आला होता हे खरं, माझ्या दुकानातही कमरेएवढं पाणी होतं. पण ठरावाची पुस्तकं पहिल्या मजल्यावर असतात, आणि पाणी काही जिना चढून गेलं नव्हतं. पहिलं अपील केलं. त्यात वकीलमुलीने महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा उल्लेख घातला. अभिलेख बेकायदेशीरपणे नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुस्तकं तरीही सापडली नाहीत. मात्र ‘अर्जदाराने उपलब्ध अभिलेखांचे अवलोकन करावे’ असा आदेश मिळाला.

त्या अवलोकनात वृक्षगणनेचं रजिस्टर हाती लागलं. १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी झाडं मोजायची असतात. मोजणाऱ्याने ठिकाणाच्या रकान्यात ‘सार्वजनिक बाग, पुढील पटांगण’ असं लिहून चौथऱ्यामागचा शिरीष, फाटकाजवळची दोन कडुलिंबं आणि कट्ट्यावरचा वड नोंदवला होता. खाली नगरपरिषदेचा शिक्का. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी लावावी लागतात. वडाचं वय रजिस्टरात ऐंशी धरलं होतं. संकुलाच्या नकाशावर तो वड बरोबर तळघराच्या उताराच्या तोंडाशी येत होता.

पावत्या मात्र लोकांच्या घरांतून निघाल्या. लेझीम मंडळ, हास्यक्लब, गणपती मंडळ, महिला मंडळाचं हळदीकुंकू. कार्यक्रमासाठी जागा घेतली की नगरपरिषद भाड्याची पावती फाडते. पावतीवर लिहितात, ‘बागेतील पटांगण’. एका मंडळाच्या खजिनदारांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात वर्षावार रबर लावून ठेवल्या होत्या. पावत्यांचा असा सोस असलेल्या माणसांची आपण चेष्टा करतो; मीही करायची. काही पावत्यांची शाई उडाली होती, त्या मशीनवर गडद करून काढल्या. टायपिंगचे पैसे कुणाकडून घेतले नाहीत, झेरॉक्सचे घेतले. टोनर फुकट येत नाही.

कोल्हापूरला पुरालेखागारात, म्हणजे जुनी सरकारी दफ्तरं ठेवतात तिथे, जायचं गावातल्या एका गुरुजींनी डोक्यात घेतलं होतं. महाराजांच्या देणगीचा कागद मिळाला की प्रश्न मिटला, असं त्यांचं म्हणणं. १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झालं तेव्हा राजाची खासगी मिळकत कुठली आणि संस्थानची कुठली याची विभागणी झाली. त्यात काहीतरी असेल, अशी त्यांना आशा. सीबीएसवर, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती एसटी स्टँडवर, उतरून रिक्षा केली. ओळखपत्र, अर्ज, मग बसा. रुमाल येतात, म्हणजे कापडात बांधलेली दफ्तरं. सोडले की जुन्या कागदाचा वास नाकात बसतो. बहुतेक मोडी. गुरुजींना मोडी येतं असं ते म्हणत. चार ओळींनंतर तिथल्या एका अभ्यासक मुलीला विनंती करावी लागली.

देणगीचा कागद मिळाला नाही. करवीर सरकारच्या गॅझेटाचे अंक चाळले, बागेचं नाव नाही. मिळालं ते एवढंच: आमच्या म्युनिसिपालिटीच्या एका वर्षाच्या जमाखर्चात ‘बाग’ या नावाखाली माळ्याचा पगार आणि बागेतल्या बत्त्यांसाठी रॉकेल, रुपये-आणे-पैमध्ये. गुरुजींचा चेहरा पडला. मला मात्र आनंद झाला. देणगीची गोष्ट राजाची असते, रॉकेलचा खर्च करदात्यांचा. संस्थानाच्या काळापासून ही जागा बाग म्हणून सार्वजनिक पैशावर चालत आली, हे त्या दोन ओळींनी सांगितलं. नक्कल मागितली, साक्षांकित मिळाली.

ही नक्कल दाखवायला मी हरकतदारांपैकी एका आजोबांकडे गेले होते. ते बौद्धवाड्यातले, नव्वदीच्या घरातले. त्यांनी रॉकेलवर हात फिरवला आणि म्हणाले, त्या बत्त्या आम्ही बाहेरनं बघितल्यात. त्यांचे वडील आणि इतर माणसं रेडिओ ऐकायला यायची ती फाटकाबाहेर, रस्त्यावर उभी राहायची. १९१९ सालीच महाराजांनी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले करण्याचे हुकूम काढले होते. हुकूम कोल्हापुरातून निघाला, आमच्या फाटकापर्यंत यायला त्याला किती वर्षं लागली, हे आजोबांनाच विचारावं. पहिल्यांदा आत जाऊन चौथऱ्याला टेकून बसले ते राज्यघटना आल्यानंतर. पंधराव्या कलमात सार्वजनिक पैशाने राखलेल्या जागांवर जातीवरून मज्जाव करता येणार नाही असं आहे. पैसा सार्वजनिक, म्हणून जागा सगळ्यांची. रॉकेलच्या नोंदीतही तेच होतं. आजोबांनी स्वतःच्या हरकतीत हे लिहायला नको म्हटलं. “त्यात लिवा, मी रोज सकाळी तितं बसतोय.” तेवढंच लिहिलं. इथे लिहायला मात्र त्यांनी हो म्हटलंय.

गावच्या गोष्टीत महाराज झाडाखाली बसतात तेव्हा फाटकाबाहेर कोण उभं होतं, हे कुणी सांगत नाही. मला ती गोष्ट आता ऐकवत नाही.

सुनावणीची पत्रं पोस्टाने आली. नियोजन समितीत नगररचनेतले जाणकार असतात, त्यांनी प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं. हॉलबाहेर सकाळपासून गर्दी. बहुतेकांची हरकत रस्त्याची. नवा बारा मीटरचा रस्ता घराच्या सोप्यातून जातोय, गोठ्यातून जातोय. त्यांच्यासमोर आमची बाग म्हणजे चैनच वाटत होती. एका माणसाने मला सरळ विचारलं, “तुमचं घर चाललंय का?” नाही म्हटलं. “मग निवांत हाय की तुमचं.” यावर मला काही बोलता आलं नाही.

आत प्रत्येकाला पाचेक मिनिटं. बैठकीत महाराजांवर बोललेले एक जण इथेही बोलले. समितीतल्या साहेबांनी मान डोलावली आणि पुढचा हरकत क्रमांक पुकारला. पावत्या आणि वृक्षगणनेचा उतारा ठेवला तेव्हा मात्र चष्मा लावून वाचलं. आपलाच शिक्का बघून नगरपरिषदेचे प्रतिनिधी शेजाऱ्याच्या कानाशी लागले. एक निवृत्त अधिकारी म्हणाले, “पण प्रत्यक्षात तिथं हिरवळ नाही. देखभाल नाही. कारंजं बंद. बाग म्हणून विकसित दिसत नाही.” यात मला चीड आणणारी गोष्ट अशी की देखभाल करायची ज्यांची जबाबदारी, त्यांनी ती केली नाही, हाच त्यांच्या बाजूचा पुरावा होत होता. मी कागद चाळत होते, तेवढ्यात मेथीवाल्या मावशी पुढे झाल्या. त्यांचा स्वतःचा अर्ज होता, अंगठा नाही, सही केलेली.

“सायेब, आमी बसतोय की तितं. पोरं खेळत्यात. गवात कसं ऱ्हाईल?”

हॉलमध्ये हसू झालं. अधिकारीही हसले. मग त्यांनी विद्यमान वापराचा नकाशा मागवला, रिकाम्या जागेवर पेन्सिलने गोल केला आणि टंकलेखकाला सांगितलं, लिहा, सार्वजनिक वापर दिसून येतो.

एमपीएससीच्या पोरांची हरकत त्यानंतर होती. त्यांनी अभ्यासिका मागितली होती, दिवा वाढवून मागितला होता आणि तीन पानं कलमं लिहिली होती. परीक्षेची सवय. “अर्ध्या पानात सांगा,” असं त्यांना म्हटलं गेलं.

समितीच्या अहवालात निळा पट्टा काढून संपूर्ण क्षेत्र बाग दाखवण्याची शिफारस आली. रस्तारुंदीची रेषा मात्र कायम राहिली. ती फाटक आणि कडुलिंबांपैकी एक घेऊन जाते. आराखडा पुढे शासनाच्या मंजुरीला जातो, तिथे बदलही होऊ शकतो, त्यामुळे पेढे कुणी वाटले नाहीत. गुरुजी मात्र अजून महाराजांचा कागद कुठल्या तरी रुमालात असणार म्हणतात. असू दे. मिळाला तर मीच लॅमिनेट करून देईन.

आता नगरपरिषदेने ‘बाग सुशोभीकरण’ काढलंय. पटांगणावर पेव्हर ब्लॉक, मधे सेल्फी पॉइंट, कट्ट्याऐवजी स्टीलची बाकं, आणि प्रवेशाला तिकीट असल्याचं कानावर आलंय. पोरं दिवे येणार म्हणून खूश आहेत. मावशी म्हणतात, फरशी उन्हात तापती, पाटी कुठं टेकायची? दोघांचंही बरोबर आहे, आणि या वेळी सगळ्यांना एका बाजूला आणायला निळा पट्टा नाही. मी अंदाजपत्रक आणि तिकिटाचा ठराव मागणारा अर्ज टाइप करून ठेवलाय. अंदाजपत्रक आणि ठराव हे दोन विषय म्हणून परत पाठवतील का, ते वकीलमुलीला विचारायचंय. आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवायचाय. सध्या एकशे बासष्ट होतायत.